दिवाडीपलीकडची भट्टी

मोजमजाही मार्केटकडून नामपल्ली स्टेशनकडे निघालं की वाटेत आबकारी भवन लागतं. आबिड्सच्या चौकातून तिथे सहज पायी जाता येतं. आम्हा हैदराबादकर मराठी घरांचं बरंचसं जग याच परिघात मावलेलं आहे. जांबबागेची विवेकवर्धिनी शाळा, सुलतान बाजारातलं मराठी ग्रंथसंग्रहालय, रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर भरणारा जुन्या पुस्तकांचा बाजार, सगळं इथेच. ज्याच्या नावानं हा चौक ओळखला जातो तो आल्बर्ट आबिड म्हणजे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या खास सेवेतला आर्मेनियन गृहस्थ. त्याचं दुकान इथे होतं. दुकान गेलं, नाव राहिलं. दारूची दुकानं आजही इथे पुष्कळ आहेत, पण दारू तयार होताना पाहिलेला माणूस या परिघात शोधूनही सापडणं कठीण. आमच्याकडे दारू बाटलीत जन्मते आणि तिचा बाप आबकारी खातं, अशीच सगळ्यांची समजूत.

अलीकडे मात्र डिस्टिलरी पाहायला जाणं हा सहलीचा भाग होऊन बसला आहे. मुलं परदेशी असलेल्या घरांतून फोटो येतात. स्कॉटलंडच्या पश्चिमेला एका बेटावर पोर्ट एलन नावाचं गाव आहे. तिथून लॅफ्रोएग, लागावुलिन आणि आर्डबेग या तीन डिस्टिलऱ्यांना जोडणारी खास पायवाटच केलेली आहे. सासूसासरे, सुना, नातवंडं रेनकोट घालून त्या वाटेनं चालतात आणि शेवटी पांढऱ्या भिंतीवरच्या काळ्या अक्षरांपुढे उभं राहून फोटो काढतात. पोर्तुगालच्या मदेरा बेटावर पोर्तो दा क्रूझ इथे उसाची जुनी गिरणी आहे. वसंतात ऊस गाळला जातो तेव्हा लोक तो पाहायला जातात. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन व्हिस्कीचा कारखाना आहे, त्यालाही पाहुण्यांसाठी स्वतंत्र केंद्र आहे. तिथे तांब्याचे उंच चंबू बघायला मिळतात आणि पिंपांच्या कोठारातला थंड, ओला वास घेता येतो. गोव्याच्या उष्म्यात पिंपातली जवळपास आठ टक्के व्हिस्की दरवर्षी हवेत उडून जाते, स्कॉटलंडमध्ये ती दोन टक्क्यांच्या आसपास उडते, हेही तिथेच कळतं. हे सगळं नीटनेटकं, माहितीपूर्ण, चव घेऊन संपणारं. त्यात वावगं काही नाही. पण मला गोव्यातली दुसरी डिस्टिलरी बघायची होती, जिला भिंत नाही आणि फाटकही नाही.

एप्रिलात आम्ही दिवाडीला राहिलो. मांडवीच्या पात्रातलं हे बेट. जुन्या गोव्याहून किंवा रायबंदरहून फेरीबोटीनं जायचं. मधे खाजण, कडेला खारफुटी, उंचावर पियेदादचं चर्च. बहुतेक पर्यटक ऑगस्टमधल्या बोंदेरां उत्सवाला येतात आणि संध्याकाळी परततात, म्हणून एरवी बेट निवांत असतं. मराठी माणसाला दिवाडी आणखी एका कारणानं जवळची. कदंबांचं कुलदैवत असलेल्या सप्तकोटेश्वराचं मूळ स्थान याच बेटावर होतं. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देव नदीपलीकडे डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला नेला गेला आणि त्या देवळाचा जीर्णोद्धार 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी करवला. बेटाच्या उत्तर टोकावरून आजही नार्व्याला फेरीबोट जाते. देव गेला त्याच वाटेनं आम्ही गेलो. देवळात थोडा वेळ बसलो आणि मग डिचोलीच्या काजूच्या डोंगराकडे वळलो.

भट्टी आधी नाकाला कळते. पिकून फुटलेल्या काजूच्या बोंडवांचा गोड, तुरट, थोडा नाकात झोंबणारा वास वाटेवर पसरलेला असतो. तो एकदा आला की कुणाला पत्ता विचारावा लागत नाही. ओहोळाच्या काठी झावळ्यांनी शाकारलेली एक खोप होती. तिच्या वरच्या अंगाला खडकात कोरलेला उथळ चौथरा, एका बाजूला किंचित उतरता. भट्टीचे मालक साठी ओलांडलेले. मी त्यांना काका म्हटलं, ते मला बाय म्हणू लागले. हैदराबादहून आले म्हटल्यावर त्यांनी आधी मोत्यांची चौकशी केली आणि मग बिर्याणीची.

बोंडवं झाडावरून कुणीच काढत नव्हतं. दोन बायका उतारावरून वेचून आणत होत्या. खाली पडलेलं फळ उचलायचं, बोटाच्या एका पिळानं बी वेगळी करायची, बी एका टोपलीत, बोंडू दुसऱ्या. बी वाळवून विकली जाते, तिचा भाव वेगळा, तिचा व्यापार वेगळा. काका म्हणाले, ‘झाडाला हात लावायचा नाही, बाय. पिकलं की ते आपण होऊन खाली येतं. ओढून काढलेल्यात रस असतो, पण गोडी नसते.’ त्यातल्या एका बाईंची पाठ सकाळपासून वाकलेली. उतार असा की आम्हाला नुसतं उभं राहायचं तरी बुंध्याला धरावं लागत होतं. फेणीच्या बाटलीवर कधी कुणाचं चित्र छापायचं झालंच, तर ते या बाईंचं असावं.

बोंडवं चौथऱ्यावर ओतून पायांनी तुडवतात. अलीकडे बऱ्याच ठिकाणी त्यासाठी यंत्र आलं आहे. या भट्टीवर मात्र काकांचा पुतण्या पाय धुऊन चौथऱ्यावर चढला आणि तुडवू लागला. रस उतारानं खालच्या भांड्यात जमत गेला. उरलेल्या चोथ्याची गोल रास करून ती रानवेलीच्या दोरानं आवळली आणि वर जड दगड ठेवला. रात्रभर त्यातून जो स्वच्छ रस ठिबकतो तो नीरो. सकाळी तो तसाच पितात. आम्हाला तो पितळेच्या पेल्यातून मिळाला. उसाच्या रसाहून पातळ, जिभेवर आधी गोड आणि घशाशी तुरट. दुपारपर्यंत तो आंबू लागतो, म्हणून नीरो प्यायचा तर भट्टीवरच.

तुडवलेला रस भांड्यांत तीन-चार दिवस आंबत ठेवतात. त्यात यीस्ट, साखर, नवसागर, पाणी यातलं काहीही घालत नाहीत. फळावर आणि हवेत जे असतं त्यानंच रस उकळ्या मारू लागतो. फेस बसला की तो भाणात, म्हणजे उकळायच्या हंड्यात जातो. पूर्वी भाण मातीचं असे, आता तांब्याचं. तोंड लाकडी झाकणानं बंद करून सांध्यावर चिंध्या आणि वारुळाची माती लिंपतात. ही माती तापली की चिवट होते आणि वाफ सुटू देत नाही. भाणाच्या मानेतून नळी निघते आणि लावणीत, म्हणजे वाफ धरणाऱ्या मडक्यात उतरते. जुन्या पद्धतीत लावणीवर सतत गार पाणी ओतत बसावं लागे. आता बहुतेक भट्ट्यांवर नळीचं वेटोळं पाण्याच्या हौदातून जातं. इथेही तसाच हौद होता आणि ओहोळाचं पाणी पन्हळीनं त्यात येत होतं. ओहोळाविना भट्टी का नसते, ते तिथे उभं राहिल्यावर कळतं.

पहिल्या गाळपाचा तो हुर्राक. सौम्य, फळाच्या वासाचा, मार्च ते मे एवढ्याच दिवसांचा. तो टिकत नाही, म्हणून गोवेकर वर्षभर त्याची वाट पाहतात आणि लिंबूसोडा नि चिरलेली हिरवी मिरची घालून पितात. हुर्राकात आंबवलेला रस मिसळून पुन्हा गाळला की फेणी. कितपत कडक झाली हे बघायला काकांकडे काचेचा तरंगता मापक होता. त्यावरचे आकडे कार्टियर या फ्रेंच मापाचे. पोर्तुगीज अमलात आलेलं ते माप तिथे अजून चालतं आणि त्याच्या अंशांना ग्राव म्हणतात. फेणी 19-20 ग्राववर आली पाहिजे. मद्यार्काच्या हिशेबात हे चाळीस टक्क्यांच्या थोडं वर. पण काकांनी मापक नंतर काढला. आधी त्यांनी नारळाच्या करवंटीतून धार उंचावरून पेल्यात सोडली आणि कडेला धरलेल्या बुडबुड्यांकडे बघत राहिले. बुडबुडे मोत्यांच्या सरासारखे कडेला जमून क्षणभर टिकले तेव्हा ते ‘झाली’ म्हणाले. मापकानं त्यांचंच म्हणणं खरं केलं.

त्या खोपीत बसल्यावर मला आबकारी भवन आठवलं आणि एक प्रश्न मनात घर करून बसला. आमच्याकडेही झाड होतं, फूल होतं, गाळणारे हात होते. माहूर-किनवटच्या डोंगरात, आदिलाबादच्या गोंड पाड्यांत, ठाण्या-कुलाब्याच्या वारली-ठाकर वस्त्यांत मोहाच्या फुलांची दारू शेकडो वर्षं गाळली जात होती. देवाला तिचा नैवेद्य, लग्नाच्या बोलणीत तिचा मान. मग गोव्यात भट्टी अजून उघड्यावर, परवान्यानिशी, पाहुण्यांना नीरो पाजत उभी आहे आणि मोहाची भट्टी मात्र पोलिसांना भिऊन रानात लपली, हे असं का झालं?

उत्तराचा एक भाग कायद्यात आहे. मुंबई सरकारनं 1878 मध्ये आबकारी कायदा केला. मीठ आणि आबकारीचे आयुक्त चार्ल्स प्रिचर्ड यांच्या देखरेखीखाली तो राबवला गेला. सूत्र सरळ होतं. गावोगावच्या भट्ट्या बंद करायच्या, दारू मोजक्या सरकारमान्य डिस्टिलऱ्यांत गाळायची, तिची कडकी मोजायची आणि बाहेर पडणाऱ्या दर गॅलनवर कर घ्यायचा. मुंबईला लागणारी मोहाची दारू उरणहून यायची. मुंबईच्या बंदरापलीकडचं हे करंजा बेट, तिथे पारशी कारखानदारांच्या डिस्टिलऱ्या होत्या आणि फुलं गुजरातेतून गलबतांनी येत. डिस्टिलरी आणि बेट यांची गाठ आपल्याकडे पर्यटनाच्या कितीतरी आधी पडली होती. बेटावरचा माल येण्याजाण्याच्या वाटा थोड्या, त्यामुळे पहारा सोपा, तपासणी सोपी.

एवढ्यानं भागलं नाही तेव्हा 1892 मध्ये मोहाच्या फुलांवरच कायदा आला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलं गोळा करणं, बाळगणं, विकणं यावर निर्बंध आले. झाड आपल्या दारात, फूल आपल्या अंगणात पडतं आणि ते उचललं तर गुन्हा! आदिवासी घरांत ही फुलं भाकरीबरोबर खाल्ली जात, दुष्काळात त्यांच्यावर दिवस निघत. कायद्याला त्या फुलात दारूच दिसली.

दारूनं घरं मोडतात हे खरंच आहे आणि ते सांगणारी माणसंही याच मातीतली. पुण्यात दारूची दुकानं वाढू लागली तेव्हा नगरपालिकेचे सभासद जोतीराव फुले यांनी 1880 मध्ये त्याविरुद्ध लेखी आक्षेप नोंदवला होता. पण दुकानं वाढत होती ती सरकारी महसुलासाठी. गावची भट्टी मोडून सरकारी गुत्ता उघडला, त्यानं पिणं कमी झालं नाही. गाळणारा फक्त गिऱ्हाईक झाला.

गोवा यातून सुटला, पण सहजासहजी नाही. 1878 च्या डिसेंबरात ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. मुरगावचं बंदर आणि रेल्वे त्यातूनच आली. त्या बदल्यात गोव्याचं मीठ ब्रिटिशांच्या मक्त्यात गेलं आणि मुंबई इलाख्याची आबकारी पद्धत गोव्यालाही लागू झाली. माडावर कर बसला. सूर, म्हणजे माडाची ताडी, काढणारे रेंदेर, माडाची फेणी गाळणारे, मिठागरवाले सगळे पोळले. तो करार 1892 च्या सुरुवातीला संपला आणि पुन्हा झाला नाही. गोव्याच्या छोट्या भट्ट्या वाचल्या त्या या योगानं. त्याच वर्षी ठाण्या-कुलाब्यात मोहाचं फूल गुन्हेगार ठरत होतं. पुढे 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला तेव्हाही गोवा त्याच्या कक्षेबाहेर होता. 1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यावर 1964 मध्ये तिथे वेगळा आबकारी कायदा झाला आणि भट्टीला परवान्याची जागा मिळाली. काजूच्या बागांचे विभाग पाडून आबकारी खातं त्यांचा दरवर्षी लिलाव करतं, घेणारा त्या हद्दीतली बोंडवं गाळतो. कर तिथेही आहे, सरकार तिथेही आहे. पण गाळायचं काम डोंगरावरच राहिलं.

उत्तराचा दुसरा भाग मला बोंडवं वेचणाऱ्या बाईंकडून कळला. मी त्यांना मोहाचं सांगत होते. फुलं पहाटे गळतात, बायका वेचतात, अंगणात वाळत घालतात, वर्षभर कणगीत ठेवतात. त्या चमकून म्हणाल्या, ‘वाळवून ठेवता येतात? आमचं बोंडू उद्यापर्यंतसुद्धा राहत नाही.’ मला वाटतं, सगळा इतिहास या एका वाक्यात आहे. बोंडू दिवसभरात सडतो. तो गाडीत भरून दूरच्या कारखान्यात नेता येत नाही, त्यामुळे भट्टीलाच झाडापाशी यावं लागतं. मोहाचं फूल वाळतं, टिकतं, पोत्यात भरता येतं. म्हणूनच ते गुजरातेतून उरणला जाऊ शकलं आणि आदिलाबादच्या रानातून हैदराबादच्या सरकारी डिस्टिलरीत येऊ शकलं. जे टिकाऊ, ते हिरावून नेता आलं. जे नाशिवंत, ते जिथल्या तिथे राहिलं. कायद्याला पोत्याची मदत झाली नसती तर मोहाच्या भट्ट्या एवढ्या सहज मोडल्या नसत्या.

हैदराबाद संस्थानात मराठवाड्याचे पाच जिल्हे होते आणि आबकारी हा निजामाच्या तिजोरीचा मोठा आधार होता. पूर्वेकडे ताडी-शिंदीचा कर, पश्चिमेकडे मोहाच्या दारूचा. नारायणगुड्याला सरकारी डिस्टिलरी होती, कामारेड्डीला होती. आमच्या आधीच्या पिढीतली माणसं नारायणगुड्याच्या भिंतीजवळून जाताना नाकाला रुमाल लावत, एवढीच तिची घरगुती आठवण. त्याच नारायणगुड्याला 1940 मध्ये केशवराव कोरटकरांच्या स्मरणार्थ केशव मेमोरियल शाळा सुरू झाली. मराठी घरांतल्या मुलांना शाळेचा पत्ता पाठ, डिस्टिलरीच्या आत काय चालतं ते मात्र कुणी दाखवलं नाही. सरकारी डिस्टिलरीत दाखवण्याजोगं काही नव्हतंच. मोजायचं तेवढं होतं.

आणि मग या दारूचा शेवट बायकांनी केला. आंध्र सरकारनं 1983 नंतर ‘वारुणी वाहिनी’ योजनेतून सारा, म्हणजे सरकारी देशी दारू, छोट्या पिशव्यांतून गावोगाव पोचवली. दूध वेळेवर येत नव्हतं तिथे सारा वेळेवर येत होता. 1992 मध्ये नेल्लूर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावात साक्षरतेच्या वर्गाला जाणाऱ्या बायकांनी पाठ्यपुस्तकातला दारूवरचा धडा वाचला, त्यावर बोलल्या आणि दुकान बंद पाडलं. गावागावांत ते पसरलं. लिलाव उधळले गेले. 1 ऑक्टोबर 1993 ला सारा बंद झाला, 1995 मध्ये संपूर्ण दारूबंदी आली आणि 1997 मध्ये ती उठली. सारा परत आला नाही, विदेशी म्हणवणारी बाटलीतली दारू आली. आबिड्सच्या दुकानांत आज दिसते ती तीच. दुबगुंट्याच्या बायकांनी जे केलं त्याबद्दल माझ्या मनात आदराखेरीज काही नाही. त्या लढल्या त्या पिशवीतल्या, ठेकेदाराच्या, सरकारी आकड्यांच्या दारूशी. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या आंदोलनानंतर 1993 मध्येच दारूबंदी झाली, तिथेही मागणी बायकांचीच होती. मोहाच्या भट्टीबद्दल बोलणाऱ्या कुणीही या बायकांना ओलांडून पुढे जाऊ नये.

ताडीचं मात्र आमच्याकडे थोडं वेगळं झालं. ताडीही बोंडवासारखीच नाशिवंत, सकाळची संध्याकाळी बदलते. त्यामुळे तेलंगणाचा गौड अजूनही कमरेला मोकूचा दोर अडकवून ताडावर चढतो आणि मडकं उतरवतो. हैदराबाद शहरातली बंद झालेली कल्लूची, म्हणजे ताडीची, दुकानं 2014 मध्ये पुन्हा उघडली. 2023 मध्ये हुसेनसागराच्या काठी सरकारनं नीरा कॅफे सुरू केला, तिथे न आंबलेला गोड रस मिळतो. शहरातली पोरं तो पिऊन फोटो काढतात. त्यातल्या कुणाला झाडाखाली नेऊन, दोर कसा आवळतात आणि कोवळ्या पोग्याला चीर कशी देतात ते दाखवलं तर मला जास्त आनंद होईल.

गोव्यात हे दाखवणं आता रीतसर सुरू झालं आहे. काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, गोव्यातल्या वस्तूंमध्ये पहिला. 2016 मध्ये कायद्यात बदल होऊन फेणी ‘देशी दारू’च्या वर्गातून निघाली आणि तिला वारशाचं पेय असा दर्जा मिळाला. देशी दारूचा शिक्का असताना ती इतर राज्यांत विकणंच अवघड होतं. 2021 मध्ये फेणीसाठी स्वतंत्र धोरण आलं. कांदोळीला नंदन कुडचडकर यांनी मद्याच्या जुन्या वस्तूंचं संग्रहालय उभं केलं आहे. फेणीच्या जुन्या काचेच्या गरफांपासून मापकांपर्यंत सगळं तिथे आहे. पाहुण्यांना भट्टीवर नेणाऱ्या सहलीही निघतात. काही ठिकाणी मात्र पर्यटकांसाठी म्हणून मातीची भांडी मांडून ठेवलेली दिसली. चूल गार, बोंडू एकही नाही, बाटल्यांचं कपाट तेवढं भरलेलं. अशा ठिकाणी जाऊ नका.

खऱ्या भट्टीवरच्या अडचणी काकांनी तक्रारीच्या सुरात सांगितल्या नाहीत, पण सांगितल्या. वेचायला माणसं मिळत नाहीत. डिचोलीत खाणींनी डोंगर कापले. 2012 मध्ये खाणी काही काळ थांबल्या, पण कापलेला उतार पुन्हा काजू धरायला वेळ घेतो. उरलेल्या उतारांवर प्लॉट पडताहेत. बाजारात कारखान्याचा मद्यार्क मिसळलेली स्वस्त फेणी येते आणि भाव पाडते. पुतण्या पणजीला नोकरी करतो, हंगामात रजा काढून येतो. पाहुणे आले तर बरं, असं काका म्हणाले, पण पाहुण्यांनी तुडवताना मधे येऊ नये आणि गाळप चालू असताना भाणाचं झाकण उघडायला सांगू नये.

आम्ही तिथे बाटली घेतली आणि तिथेच सोबत्यांना देऊन टाकली. गोव्याची बाटली हैदराबादला आणायची नाही. तेलंगणाचा कर न भरलेली दारू आबकारीवाले विमानतळावर आणि रेल्वेत पकडतात आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कायदाच तसा आहे. नीरो तर तसाही येऊ शकत नाही.

मोहाकडे पुन्हा बघायला सुरुवात झाली आहे. महाराष्ट्रानं 2021 मध्ये फुलं गोळा करण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध उठवले. मध्य प्रदेशानं मोहाच्या दारूला वारशाचा दर्जा देऊन ती आदिवासी बचत गटांनी गाळावी अशी सोय केली. तेलंगणात आणि आमच्या मराठवाड्याच्या कडेला हे व्हावं का, याचं उत्तर मी आबिड्सला बसून देऊ नये. 1996 च्या पेसा कायद्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला दारू बंद करण्याचा आणि तिच्यावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार दिलेला आहे. तो अधिकार ज्यांचा, त्यांच्या सभेत हा प्रश्न जावा. त्या सभेत फुलं वेचणाऱ्या बायका बोलल्या पाहिजेत आणि नको म्हणाल्या तर विषय तिथेच मिटला पाहिजे. हो म्हणाल्या, तर भट्टी त्यांच्या पाड्यावर असावी, परवाना त्यांच्या नावावर असावा आणि डिचोलीच्या काकांसारख्यांना दोन दिवस पाहुणे म्हणून बोलवावं. त्यांना लिंपायच्या मातीपासून बुडबुड्यांपर्यंत पुष्कळ सांगता येईल.

निघताना वेचणाऱ्या बाईंनी विचारलं, दारू बंद तर तुमच्याकडच्या बायका त्या फुलांचं करतात काय? मी त्यांना आदिलाबादजवळच्या उटनूरचं सांगितलं. तिथे आदिवासी बायकांची सहकारी संस्था मोहाच्या फुलांचे लाडू करते. त्यांनी कृती विचारली. फुलं स्वच्छ करून, भाजून, गूळ, तीळ, शेंगदाणे घालून वळतात, एवढं मला सांगता आलं. तूप किती, पाक करतात का, किती दिवस टिकतात, हे प्रश्न त्यांनी एकामागून एक विचारले. मग टोपली कडेवर घेत म्हणाल्या, ‘पुढच्या वेळी लाडू घेऊन या. फूलही घेऊन या, वाळलेलं. मला वास बघायचाय.’